कुटुंबात काही बदल?

लिफ्ट तपासणाऱ्या माणसाचा जगात फक्त एका गोष्टीवर विश्वास असतो, ती म्हणजे वजन. हा तसाच होता. परदेशात नेमणूक होऊन त्याला आठ वर्षं झाली होती, आणि तो राहायचा त्या इमारतीची लिफ्टही त्याच्याच देखरेखीखाली होती. लिफ्टमध्ये किती भार आहे ते त्याच्या मोबाइलवर दिसायचं. अठ्ठावन्न म्हणजे बायको. चौऱ्याण्णव म्हणजे बायको आणि दहा वर्षांची मुलगी. मग तो बेल वाजायच्या आत दार उघडून उभा राहायचा. "लोक पावलांवरून माणूस ओळखतात, आमच्याकडे किलोवरून," असं बायको पाहुण्यांना सांगायची, आणि स्वतःचा आकडा वाढल्याचा संशय आला की त्याच्या हातातून मोबाइल काढून घ्यायची.

घरातले सगळे कागद त्याच्याकडे असत. त्यात आरोग्यविम्याची निळी फाइल सगळ्यांत जाड. परक्या देशात आधी विमा कंपनीला विचारायचं आणि मग कण्हायचं, हे तो पहिल्याच वर्षी शिकला होता. कंपनी दरवर्षी एक फॉर्म पाठवायची. त्यात एक प्रश्न असायचा: कुटुंबात काही बदल? 'हो' म्हटलं तर कोणाचं नाव वाढवायचं किंवा कमी करायचं ते लिहायचं, आणि शेजारच्या चौकटीत कारण.

सहा वर्षांपूर्वी, बायकोला सहावा महिना असतानाच, त्याने विम्यात चौथं नाव घालून टाकलं होतं. नाव कसलं, नुसतं 'बाळ'. ते खरं तर जन्मानंतर घालायचं. पण हा पडला सगळी तयारी आधी करून ठेवणारा. डॉक्टरांनी दिलेली तारीख त्याने जन्मतारीख म्हणून लिहिली, आणि कंपनीनेही ती चालवून घेतली. सातव्या महिन्यात बाळ गेलं. हृदयाला भोक होतं म्हणाले. बायको वर्षभर कोणाशी धड बोलली नाही. फॉर्म आला तेव्हा कारणाच्या चौकटीपाशी त्याचं पेन अडलं. त्याने 'नाही'वर खूण केली. पुढच्या वर्षीही केली. विसरला नव्हता तो. त्याला ते लिहवत नव्हतं, एवढंच.

यंदाच्या पत्रासोबत वर्षभरातल्या उपचारांची यादी आली. त्याची रक्ततपासणी, बायकोची पाठदुखी, मुलीचा मुरगळलेला पाय. चौथ्या नावासमोर दरवर्षी नुसती रेघ असायची. या वेळी तिथे लिहिलं होतं: दुधाची दाढ किडलेली, भरली. त्याखाली महिन्याभरानंतरची तारीख, आणि चष्मा. डावा डोळा पावणेचार, उजवा सव्वा.

त्याने स्वतःचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याचाही डावा पावणेचार होता आणि उजवा सव्वा.

दुसऱ्याच कुणाची तरी नोंद आपल्या नावावर चढली आहे, असं मनाला बजावत त्याने मदतकेंद्राला फोन लावला. तिथे मराठी बोलणारी एक बाई होती. तिचा आवाज ऐकून त्याला जरा धीर आला.

"चूक नाहीये, सर," ती म्हणाली. "मुलगा तुमचाच आहे ना?"

"आम्हाला एकच मुलगी आहे."

"पण नाव तर दरवर्षी तुम्हीच कायम ठेवलंय." मग कागद चाळल्याचा आवाज आला. "बरं झालं फोन केलात. त्याच्या शस्त्रक्रियेसाठी पालकांची सही राहिलीये. वय सहा, वजन एकवीस किलो. हृदयाला भोक आहे."

आतल्या खोलीत बायको मुलीचा अभ्यास घेत होती, आणि कशावर तरी दोघी हसत होत्या. ते हसू परत यायला किती काळ गेला होता, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. त्याने दार हळूच लोटून घेतलं.

"कुठे आहे तो?"

तिने हॉस्पिटलचं नाव सांगितलं. ते त्याच्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर होतं. "उद्या संध्याकाळपर्यंत सही हवी, सर. नाहीतर शस्त्रक्रिया रद्द होईल. किंवा मग नाव कमी करा. कारण तेवढं लिहा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो तिकडे गेला. हा कोणाचा तरी लबाडीचा प्रकार आहे, तो उघडा पाडायचा आणि मग नाव कमी करायचं, असं त्याने ठरवलं होतं. मुलांच्या वॉर्डातल्या नर्सने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ती हसली. "सांगायला नको कोणाचे वडील ते," ती म्हणाली. "सात नंबर. आत्ताच तपासणीला नेलंय."

सात नंबरची खाट रिकामी होती. उशीला मधोमध खळगा पडला होता. त्याने गादीवर हात ठेवला. गादी ऊबदार होती.

बाजूच्या कपाटावर एक लहानसा चष्मा घडी घालून ठेवला होता. त्याने आपला काढून तो डोळ्यांपुढे धरला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटासुद्धा स्पष्ट दिसला.

कंपनीने रात्रीच पाठवलेला फॉर्म त्याच्या खिशात होता. एका बाजूला कारणाची चौकट, दुसऱ्या बाजूला शस्त्रक्रियेसाठी सहीची जागा. तो घाबरला होता, आणि आपण कशाला घाबरतोय हेही त्याला कळत होतं. एक मूल त्याने एकदा गमावलं होतं, तेव्हा त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. आता विचारत होते.

त्याने सही केली, फॉर्म नर्सच्या हातात दिला आणि मागे न बघता तो बाहेर पडला.

बायकोला तो काहीच बोलला नाही.

दहा दिवसांनी, रविवारी दुपारी, त्याच्या मोबाइलवर कंपनीचा निरोप आला. शस्त्रक्रिया यशस्वी. रुग्णाला घरी सोडण्यात आले. जिने चढू देऊ नयेत.

बायको आणि मुलगी पाय मोकळे करायला बाहेर गेल्या होत्या. तो निरोप पुन्हा वाचत होता, तेवढ्यात खाली लिफ्टचं दार लागलं आणि मोबाइलवर भार दिसला.

एकशे पंधरा.

भाजी घेतली असेल. कलिंगड घेतलं असेल. तो लिफ्टपाशी जाऊन उभा राहिला.

दार उघडलं. बायको बाहेर आली, तिच्यामागून मुलगी. दोघींचे हात रिकामे होते.

"असा का बघतोयस?" बायकोने विचारलं आणि ती घराकडे वळली.

त्याने मोबाइलकडे पाहिलं. एकवीस.

मुलगी मात्र तिथेच थांबली होती. तिने लिफ्टचं दार हाताने अडवून धरलं होतं आणि ती आत, आपल्या खांद्याएवढ्या उंचीवर बघत होती.

"सावकाश," ती म्हणाली.

आकडा शून्यावर आला, तेव्हा तिने हात काढला.