बुरजाला दिलेलं नाव

मंजुश्रीबाईंना त्या दिवशी किल्ल्यावर जायचंच नव्हतं. मतदारयाद्यांसाठी दारोदार फिरून पाय दुखत होते, सोबत येणाऱ्या सरांनी ऐनवेळी रजा टाकली होती, आणि वरून आदेश आला होता: दिवाळीच्या सुट्टीआधी 'आपला परिसर, आपला किल्ला' हा उपक्रम घ्या, फोटो पोर्टलवर चढवा. आदेश काढणाऱ्याला काय, त्याला पोरं सांभाळायची नसतात.

तर सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांतल्या एका दुपारी बाईंनी तेवीस पोरं दोन जीपांत कोंबली आणि कंधारच्या वाटेवरच्या एका किल्ल्यावर आणली. जेवढी आणली तेवढी धड घरी न्यायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पोरं मात्र खूश होती. कुणी दरवाजाचं चित्र काढलं, कुणी कोरीव दगडावर कागद धरून वरून खडू घासला. मग खंदकातली काळी माती घमेल्यांनी आणून, मोठ्या बुरजाच्या पायथ्याशी त्यांनी मातीचा किल्ला बांधायला घेतला. त्या मातीला कुजक्या पाण्याचा वास होता. बाई सावलीत दगडावर टेकल्या. डोळे आपोआप मिटत होते.

तट उभा राहिला, दरवाजा झाला. बुरूज काही टिकेना. वीतभर चढला की फुगायचा आणि खाली बसायचा. तीनदा बसला.

"मॅडम, हा न्हाई थांबून राहिला," अपूर्वा रडकुंडीला येऊन म्हणाली. पाचवीतली ही पोर म्हणजे वर्गातला रेडिओ, एरवी तिला गप्प करताना बाईंच्या नाकी नऊ यायचे.

बाईंना लवकर उरकायचं होतं. वर्गात पोरांनी काही बनवलं की त्यावर त्याचं नाव घालायला लावायची त्यांची पद्धतच होती, त्यानं पोरं जीव लावून काम करतात. त्या म्हणाल्या, "जो बुरूज बांधेल, त्याचं नाव बुरजाच्या पोटात ठेवायचं. मग बघा कसा टिकतो."

अपूर्वानं वहीचं पान फाडलं, नाव लिहिलं, घडी मातीत पुरली आणि वर माती थापली. पुढून तोफेसाठी बोटानं एक भोकही पाडलं.

बुरूज उभा राहिला. पोरांनी टाळ्या पिटल्या, बाईंनी फोटो काढला. दूर शेतात मळणीयंत्र घरघरत होतं, ते त्याच वेळी थांबलं. तटातले पोपटही गप्प झाले. बाईंना बरंच वाटलं. डोकं ठणकत होतं.

निघताना त्यांनी हजेरी घेतली.

"अपूर्वा."

"हजर मॅडम..."

आवाज अपूर्वाचाच होता. पण अपूर्वा समोर, दोन हातांच्या अंतरावर उभी होती आणि तिचं तोंड मिटलेलं होतं. आवाज मागून आला होता. मोठ्या बुरजातून.

बाईंनी पुन्हा हाक मारली. पोर त्यांच्याकडे बघत राहिली, बाई दुसऱ्याच कुणाला बोलावत असल्यासारखी. आणि मागून, दगडाच्या आतून, पुन्हा तेच... "हजर मॅडम."

बाकीची पोरं एकमेकांना चिकटली.

किल्ल्याची राखण करणारा ग्यानोबा काठी टेकत आला. त्यानं मातीचा बुरूज पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाई... आत नाव घातलं का कुणाचं?"

"घातलं. का?"

"हा मोठा बुरूजबी असाच बसायचा म्हणत्यात. मग गवंड्यानं गावातल्या एका पोरीचं नाव पायाच्या दगडांत घातलं. पोर जगली, म्हातारी झाली. पर आईनं हाक मारली तरी ओ बुरजातून यायची. ती आपली कुणाच्याबी मागं जायची..."

बाईंनी पुढचं ऐकलं नाही. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि मातीचा बुरूज उकरू लागल्या. ओली माती दगडासारखी झाली होती. नखं तुटली, रक्त आलं, मातीची खपलीही निघेना.

"न्हाई मोडत आता," ग्यानोबा हळूच म्हणाला. "दुसरं नाव दिलं तर पहिलं सोडतो म्हणत्यात... पर कोण देतंय बाई?"

बाईंनी अपूर्वाकडे पाहिलं. हिची आई संध्याकाळी फाट्यावर येऊन उभी राहणार, लेकीला हाक मारणार. शाळेत आपण मॅडम, सासरी वहिनी, घरात आई. आपल्याला नावानं हाक मारतंय कोण? एक नाव गेलं तर तेवढंच ओझं कमी. इतक्या थकल्या होत्या त्या, की त्यांना खरंच तसं वाटलं.

त्यांनी हजेरीच्या कागदाचा कोपरा फाडला, त्यावर आपलं नाव लिहिलं, आणि घडी तोफेच्या भोकात सारली. ती आतून कुणीतरी ओढून घेतल्यासारखी गेली.

"अपूर्वा?" त्यांनी घाबरत हाक मारली.

"काय मॅडम?" पोर समोरूनच म्हणाली. "मला लई भूक लागली."

बाईंनी तिला छातीशी धरलं आणि पोरांदेखत हमसून रडल्या.

परतताना जीपमध्ये पोरं पेंगत होती. बाईंना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. फोन वाजला. रेणापूरहून त्यांची आई बोलत होती.

"मंजुश्री, पोचलीस का गं?"

आई कुणाला विचारतेय, ते बाईंना कळेना. नाव ऐकल्यासारखं वाटलं, एवढंच. त्या काही बोलणार, तोच आई पलीकडून म्हणाली, "हो का?... बरं बरं... अगंबाई!" आणि हसली.

जीप खड्ड्यातून गेली. बाई फोन कानाला लावून बसल्या होत्या. त्यांना फक्त आईचंच बोलणं ऐकू येत होतं.

"बाई गं, किती दिवसांनी अशी निवांत बोललीस," आई म्हणाली. "ये की मग. आज रात्रीच ये. मी दार उघडं ठेवते."