पोरीला दोरे नव्हते

तालीम संपली तेव्हा साडेसात वाजले होते आणि बाहेर अंधार पडला होता. पोरंपोरी खुर्च्या एकावर एक चढवत होती. उद्याच्या कार्यक्रमाची सुरुवात बाहुलीवाल्या मामांच्या त्या प्रसिद्ध विनोदाने करायची, असं ठरलं होतं. पोरांतला एक जण मामांचा आवाज काढून तो म्हणून दाखवत होता आणि बाकीचे पोट धरून हसत होते.

थिएटरचा म्हातारा लाइटवाला शिडीवरून खाली उतरला.

"तो विनोद काढून टाका," तो म्हणाला.

"का हो काका? सगळ्यात जास्त हशा त्यालाच मिळतो."

"म्हणूनच काढा."

"कारण तरी सांगा."

काकांनी पक्कड खिशात घातली, एक सोडून सगळे दिवे मालवले आणि एक खुर्ची ओढून घेतली. "माझ्या ओळखीच्या एका बाईची गोष्ट आहे. मामांची मुलगी. जे सांगतोय ते तिच्या तोंडून ऐकलेलं. यात मध्येच एक लाइटवाला येतो. तो कोण, ते विचारायचं नाही."

पोरं हसली. त्या संध्याकाळचं ते शेवटचं.

गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा शुक्रवार. मामांना जाऊन वर्ष झालं होतं आणि चाहत्यांनी याच थिएटरात सभा ठेवली होती. मुलीकडे काम एकच होतं, बाहुली आणून द्यायची. बाहुलीचं नाव बडबडी. मामांनी ती कोरली तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती आणि मापं तिचीच घेतली होती. उंची, डोक्याचा घेर, हाताची लांबी, सगळं. पुढे मुलगी वाढली. बडबडी पाच वर्षांचीच राहिली आणि गावोगावच्या लोकांची लाडकी झाली.

मामा गेले त्या दिवशी बडबडीचे नऊ दोरे मुलीनेच कापले होते. या धंद्यात तसंच करतात. दोरे नाचवणाऱ्याच्या हाताच्या मापाचे असतात. माणूस गेला की घरच्याने ते त्याच दिवशी कापायचे. तिने कापले. लोकांना वाटलं, रडू आवरत नाही म्हणून एवढ्या घाईने कापतेय. ती रागाने कापत होती, पण ते कुणाला सांगणार?

तर ती निघाली. एका हातात बडबडीचं बोचकं, दुसऱ्या हातात स्वतःची पाच वर्षांची लेक. नवरा रात्रपाळीला, मग पोरीला ठेवणार कुणाकडे? शेजारणीने ठेवते म्हटलं असतं तरी हिने ठेवलं नसतं म्हणा. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारी बाई. गॅस बंद केला का, ते बघायला जिन्यातून परत वर जाणारी. पिशवीत पाण्याची बाटली, दोन रुमाल, जास्तीचा स्वेटर आणि त्याहून जास्तीचा एक स्वेटर. नवरा म्हणायचा, "आपण बागेत जातोय, मोहिमेवर नाही." तीही हसायची. पण पोरीला आयुष्यात पाच मिनिटं नजरेआड केलं नव्हतं तिने. हे लक्षात ठेवा.

सभा सहाला सुरू झाली. थिएटर गच्च भरलं होतं.

एकेक जण उठून बोलू लागला. औषधांच्या दुकानाचा मालक सगळ्यांचा म्होरक्या. तो म्हणाला, "मामा रस्त्याने निघाले की दहा मिनिटांच्या वाटेला तास लागायचा. माझ्याकडे डोकेदुखीची गोळी घ्यायला यायचे आणि माझीच डोकेदुखी घालवून जायचे. गोळी तिथेच विसरायचे." लोक हसले. एक शिक्षिका म्हणाली, "माझ्या तिन्ही मुलांची नावं, कुणाची कुठली परीक्षा, सगळं मामांना पाठ."

मुलगी पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. तिच्या शाळेच्या अर्जावर मामांनी तिची इयत्ता चुकीची लिहिली होती. एकदा नाही, लागोपाठ दोन वर्षं. घरी आले की मामा सदऱ्याबरोबर आवाजही खुंटीला लावायचे. जेवताना गप्प, बसले की गप्प. बाहेर सगळा खर्च करून आलेल्या माणसाजवळ घरी द्यायला काय उरणार?

लेक पेंगायला लागली. तेव्हा तिने लेकीला मागे, बाहुल्यांच्या पेट्या ठेवायच्या खोलीत नेलं, बाकावर झोपवलं, वरून शाल घातली. दार उघडं ठेवलं. तीनदा जाऊन बघून आली. बडबडीला स्टेजवर मिरवून झालं, तेव्हा तिलाही तशाच शालीत गुंडाळून त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला निजवलं कुणीतरी.

शेवटी औषधवाला पुन्हा उठला. "आणि आता मामांचा तो किस्सा," तो म्हणाला, आणि लोकांनी आधीच टाळ्या पिटल्या.

किस्सा तुम्हाला माहीतच आहे, उद्या म्हणणार आहात तोच. खेळ संपला. लोकांनी असं घेरलं की मामा बोलता बोलता कुणाच्या तरी गाडीत बसले आणि घरी पोचले. बायको म्हणाली, पोरगी कुठे? मामांनी पेटी उघडून दाखवली, ही काय. बायको म्हणाली, ही नव्हे, आपली. मग मामा लोकांकडे वळून म्हणायचे, "आता माझा काय दोष? बाहुलीला दोरे होते, हाताला अडकून आली. पोरीला दोरे नव्हते ना."

सगळं थिएटर खदखदून हसलं.

मुलगी उठून उभी राहिली.

"मी सात वर्षांची होते," ती म्हणाली. "त्या मागच्या खोलीत, बाहेरून कडी. तीन तास. दिवा नव्हता. खुंट्यांवर बाहुल्या टांगलेल्या आणि मी खाली. फ्रॉक ओला झाला होता माझा. दार उघडलं तेव्हा बाबांबरोबर चार माणसं होती. आणि बाबा त्यांना हाच किस्सा सांगत होते. तुम्ही आज हसलात ना, तसेच हसत होते ते चौघे. मला बघून."

मग मागून एक जण हळूच म्हणाला, "पण काय टायमिंग होतं मामांचं." आणि दोघंतिघं हसली.

औषधवाला समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, मनाला लावून घेऊ नका. मामांनी तुमच्यावरही प्रेमच केलं. आम्हां सगळ्यांवर केलं तसं."

"तेच सांगतेय," ती म्हणाली. "तुम्हां सगळ्यांवर केलं, तसंच."

ती तरातरा मागच्या खोलीत गेली. रागाने डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं. बाकावरची झोपलेली पोर उचलली, शालीसकट खांद्यावर टाकली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. आठ वाजून पंचवीस मिनिटं. लाइटवाल्याने तिला जाताना पाहिलं. पोरीचं डोकं आईच्या मानेत होतं. शालीबाहेर आलेला एक हात आईच्या पाठीवर हलकेच आपटत होता. थोपटल्यासारखा.

लोक गेले. लाइटवाल्याने दिवे मालवले आणि पेट्यांच्या खोलीला बाहेरून कडी घातली. आत डोकावला नाही. कशाला डोकावेल? पोर आईबरोबर गेलेली त्याने डोळ्यांनी पाहिली होती.

रिक्षात ती पोरीला घट्ट धरून बसली होती आणि मनातल्या मनात भांडत होती. औषधवाल्याशी, शिक्षिकेशी, मेलेल्या बापाशी. मानेवर ऊबदार श्वास लागत होता. हे ती आजही शपथेवर सांगते. श्वास लागत होता.

घर आलं. कुलूप काढलं. पोरीला पलंगावर ठेवलं, चपला काढायला शाल वर केली.

चपला नव्हत्या.

पाय लाकडाचे होते.

बडबडी छताकडे बघत होती. डोळे उघडे. तिचे डोळे नेहमी उघडेच...

काका थांबले. खुर्चीत बसलेल्यांपैकी एका मुलीने पाय वर घेतले.

"पुढे?" कुणीतरी विचारलं.

"पुढे काय? बापाने केलं तेच तिने केलं होतं. पोर सोडून बाहुली घेऊन घरी आली होती. अगदी तेच. तशी ती रस्त्यावर धावत सुटली."

थिएटरच्या मागे लाइटवाल्याची खोली आहे. नऊ वाजून पाच मिनिटांनी दारावर अशी थाप पडली की तो अंथरुणातून उडालाच.

"काका, किल्ली. किल्ली द्या."

"अगं झालं काय?"

"माझी पोर आत आहे."

दोघं धावले. थिएटरात काळोख. मुख्य बटण पुढच्या टोकाला आणि तिथवर जायला वेळ नाही. लाइटवाल्याने बॅटरी पेटवली. खुर्च्यांच्या रांगांमधून ती पुढे, तो मागे. आतून रडणं ऐकू येईल म्हणून ती कान देत होती.

रडणं नव्हतं.

काहीच नव्हतं.

पेट्यांच्या खोलीची कडी. तिचा हात कडीवर थांबला. याच दाराच्या आत बसून तिने तीन तास या कडीचा आवाज ऐकू यायची वाट पाहिली होती.

कडी काढली.

लेक बाकावर बसली होती. ताठ. गाल सुकलेले, त्यांवर ओघळांच्या रेघा. डावा हात हवेत वर.

"आई," ती म्हणाली, "खाली करू का हात?"

बॅटरीचा उजेड हातावर आला. मनगटाला दोरा होता. काळा, मेण लावलेला, बाहुल्यांचा. मनगटापासून सरळ वर... वर... तुळईवरच्या खुंटीपर्यंत. जिथे मोठ्या माणसाचाही हात शिडीशिवाय पोचत नाही.

"कुणी बांधला?"

"आजोबांनी. मी रडत होते म्हणून."

"...काय म्हणाले?"

"काही नाही. गप्पच बसले होते. घरी बसायचे तसे."

लाइटवाल्याने गाठ बघितली. मामा डावखुरे, त्यांची गाठ उलटी पडायची. आणि टोक ते फासाच्या आत दडवायचे, बाहुलीच्या कपड्यात अडकू नये म्हणून. अख्ख्या धंद्यात तशी गाठ दुसरं कुणी मारत नव्हतं.

गाठ उलटी होती. टोक दिसत नव्हतं.

मुलीने त्याच्या खिशातली पक्कड ओढून घेतली आणि दोरा कापला. लेकीला कडेवर घेतलं. चेहरा चाचपला, हात चाचपले, पाय चाचपले. पाय पुन्हा चाचपले. आता ही रडेल, असं लाइटवाल्याला वाटलं.

ती रडली नाही. ती अंधाराकडे वळली. जन्मभर बापाला अहोजाहो करणारी बाई.

"तिच्यासाठी आलास," ती म्हणाली. "चाळीस मिनिटंसुद्धा तिला एकटी ठेवली नाहीस. मीही रडत होते. याच बाकावर. तेव्हा कुठे होतास? कुणाला हसवत होतास?"

पेट्यांच्या मागून... श्वास घेतल्यासारखा आवाज झाला. कुणी बोलायच्या आधी घेतं, तसा.

ती थांबली.

लाइटवालाही थांबला.

बराच वेळ.



"बोलायचं नाहीच ना," ती म्हणाली. "बरं." आणि पोरीला घेऊन निघून गेली.

काकांनी खिशातली पक्कड काढून उगाच उघडली, मिटली.

"संपलं?" मघाशी मामांचा आवाज काढणाऱ्या मुलाने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मुलगी पुन्हा आली. लेकीचा हात धरलेला, बडबडी पिशवीत. पिशवी लाइटवाल्यापुढे ठेवून म्हणाली, "हिला इथेच ठेवा. माझ्या घरात नको." मग ड्रेसची डावी बाही वर केली.

"आणि हे कापा."

तिच्या मनगटाला दोरा होता. काळा. मेणाचा. उलट्या गाठीचा. पण फास इतका लहान की मांसात रुतला होता, दोन्ही बाजूंनी हात सुजला होता. तेहतीस वर्षांच्या बाईच्या हातावरून तो चढणं शक्य नव्हतं. तो सात वर्षांच्या मनगटाचा होता.

"कधी दिसला?"

"उठले तेव्हा होता. कापा म्हणते ना. आता नकोय मला."

त्याने पकडीचं टोक जपून आत सरकवलं. कापला. दोरा गळून पडला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही, पायाने लोटून दिला. मग मनगट चोळायला गेली... आणि चोळता चोळता थांबली.

घड्याळ वर्षानुवर्षं एकाच हातावर घातलं की पट्ट्याखालची कातडी कशी राहते, बघितलंय ना? ऊन न लागलेली, पांढरीफटक. तिच्या मनगटाभोवती तशी गोल रेघ होती. एका रात्रीत ती पडत नाही. दहा वर्षांतही तशी पडत नाही. सव्वीस वर्षांत पडत असेल.

वर्ष होत आलं. ती हात रोज उन्हात धरते. रेघ अजून तशीच आहे.