अडतीस वॉट

दुपारच्या चहानंतर इन्व्हर्टर बंद, हा नोलीनचा नियम होता. ही बाई नवऱ्यापेक्षा बॅटरीची काळजी जास्त घेते, असं क्लेम प्रत्येक मुक्कामावर शेजारच्या कॅराव्हॅनवाल्यांना सांगायचा आणि सगळे हसायचे. आज हसायला कुणी नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या नलरबोरच्या सपाट माळावर कालपासून त्यांची गाडी इंजिनचा पाण्याचा पंप फुटून पडली होती. ओढून न्यायला ट्रक उद्या दहाला येणार होता. सकाळपासून आभाळ भरलेलं, त्यामुळे टपावरची सौर पॅनेलं नुसती शोभेला होती.

गाडीमागे जोडलेली कॅराव्हॅन, त्यांचं चाकांवरचं घर, तीन आठवड्यांपूर्वीच घेतलेली. सेडुना गावच्या डोरीन नावाच्या बाईने विकली. तिचा नवरा रॉय गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेला होता. त्याला झोपताना श्वासाचं मशीन लागायचं, ते तिने दवाखान्याला देऊन टाकलं होतं. व्यवहार झाला तेव्हा ती ओसरीवरून खाली उतरली नाही, किल्ल्यासुद्धा वरूनच दिल्या.

कॅराव्हॅनवाल्या फिरस्त्यांत प्रत्येक गोष्टीवर चिठ्ठी चिकटवायची रीतच आहे. डोरीननेही कप्प्याकप्प्यावर पांढऱ्या पट्ट्या लावल्या होत्या, सगळ्या सुवाच्य. इन्व्हर्टरवरची एकच पट्टी वेड्यावाकड्या अक्षरांत होती. ‘रॉय झोपलेला असताना बंद करू नये.’

क्लेमने ती पहिल्याच दिवशी नखाने खरवडून काढली. "रॉयची झोप आता कोण मोडतंय?" तो म्हणाला. "सुटला बिचारा बायकोच्या तावडीतून."

"तुझी सुटका एवढ्यात नाही हं," नोलीन म्हणाली होती.

आज चहा झाल्यावर क्लेम आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तो इन्व्हर्टर बंद व्हायच्या आधी झोपला होता. सॅटेलाइट फोन चार्जरला लावून नोलीन शब्दकोडं सोडवत बसली. फोनच्या चार्जची एकच रेघ भरली तोवर कॅराव्हॅनची बॅटरी बारा व्होल्टवर उतरली, म्हणून तिने चार्जर काढला. आता इन्व्हर्टरच्या पडद्यावर शून्य दिसायला हवं होतं. तिथे अडतीस वॉट होते.

बघता बघता अडतीसाचे चव्वेचाळीस झाले. मग पुन्हा अडतीस.

तिने सगळे प्लग पाहिले. गुडघे टेकून पलंगामागचाही पाहिला. कशालाच काही जोडलेलं नव्हतं. आकडा मात्र सावकाश वर चढत होता आणि सावकाश खाली येत होता. इन्व्हर्टरच बिघडला असणार, असं तिने ठरवलं आणि बटण दाबलं.

इन्व्हर्टरच्या आतल्या पंख्याची घरघर थांबली. माश्यांची गुणगुण तेवढी राहिली. तिने कोड्यातला एक शब्द भरला, दुसरा भरला, आणि मग तिच्या ध्यानात आलं की घोरणं थांबलंय.

क्लेमची छाती हलत नव्हती. ओठ निळसर पडले होते.

"क्लेम. अरे ए, मस्करी पुरे." तिने त्याला गदागदा हलवलं, गालावर चापट्या मारल्या. मान नुसती कलंडली. तिने फोन उचलला. तो उपग्रह शोधत राहिला आणि विझला. तिने चार्जर लावला, इन्व्हर्टर चालू केला.

तिच्या पाठीमागे क्लेमने लांब श्वास घेतला.

चार्जर उपटून तिने पडदा पाहिला. अडतीस. चव्वेचाळीस. अडतीस. त्याच तालावर क्लेमची छाती वरखाली होत होती.

नोलीनने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. एकदा खात्री करून घ्यायला हवी, म्हणून तिने बटण पुन्हा दाबलं.

छाती खाली गेली ती वर आली नाही. नोलीनने चारपर्यंत मोजलं आणि किंचाळत बटण चालू केलं.

चार्जर पुन्हा लावून दहा मिनिटं थांबल्यावर फोन लागला. फोनवरची डॉक्टरीण शांत होती. श्वास चालू आहे ना, मग कुशीवर वळवून ठेवा, अँब्युलन्स निघतेय, पण तुमच्यापर्यंत यायला सात तास लागतील, असं ती म्हणाली. बॅटरीचं नोलीन तिला काय सांगणार होती?

तिने फ्रिज बंद केला, नळाचा पंप, दिवे, सगळं बंद केलं. मग कोड्याच्या समासात हिशेब मांडला. अडतीस ते चव्वेचाळीस वॉटला बॅटरी पाच तास पुरत होती. तिने दोनदा मांडून पाहिला. तिला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती.

क्लेम काही केल्या उठेना. तिने हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं, शेवटी रागावून त्याला शिव्या दिल्या. बाहेर माळावर संधिप्रकाश उरला होता.

अँब्युलन्सची माणसं आत येतील, कुणीतरी सवयीने बटण दाबेल, हे तिच्या मनात आलं. तिने खणातून पांढरी पट्टी आणि पेन काढलं. ‘क्लेम झोपलेला असताना बंद करू नये.’ इन्व्हर्टरवर चिकटवल्यावर तिला आपलं अक्षर दिसलं. डोरीनची ती एकच पट्टी वाकडी का होती, ते तिला कळलं.

ती पलंगाच्या कडेला, त्याचा हात धरून बसली. पडद्याचा हिरवा उजेड तेवढा होता. अडतीस, चव्वेचाळीस. गाडीच्या काळजीने कालची रात्र जागून काढलेली. मान एकदा पुढे झुकली, तशी ती दचकून सावरून बसली. किती वेळ गेला होता, सांगता येईना.

पडद्यावर शहात्तर होते. अडतीस दुणे.