अधीशची उसंत

डॉ. फारूक जमादार मिरजेच्या कंठविज्ञान प्रयोगशाळेत यायचे ते बहुधा जेवणाच्या सुट्टीत, आणि येताना एखादा नवा विनोद घेऊन यायचे. त्या दुपारी त्यांच्या हातात फक्त कागदाची एक गुंडाळी होती. हयातभर लोकांच्या छातीला कान लावून बसलेला हा हृदयरोगतज्ज्ञ कधी गोंधळलेला दिसत नसे. आज दिसत होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. इरावती मगदूम यांनी टेबलावरची प्लास्टिकची स्वरयंत्रं बाजूला सरकवली आणि त्यांना जागा करून दिली.

जमादारांनी तीन हृदयलेख उलगडून एकाखाली एक मांडले. पहिला कोल्हापूरकडच्या एका ऑर्केस्ट्रा गायकाचा. तो स्टेजवर कोसळला आणि रुग्णवाहिकेत हा लेख निघत असतानाच गेला. दुसरा लातूरच्या गायकाचा. तोही गेला. तिसरा हर्षल दिवेकर या प्रसिद्ध पॉप गायकाचा, आणि तो सध्या जमादारांच्याच अतिदक्षता विभागात होता. तिघांच्याही हृदयाचा एक ठोका मधूनच गळत होता. ठोके गळणं तसं नवलाचं नाही. पण तिघांचे सारख्याच चालीने गळत होते, एकाच हाताने काढलेल्या रांगोळीसारखे.

"तीन माणसं, तीन गावं, एकमेकांशी नातं नाही," जमादार म्हणाले. "आणि हृदय एकच. हे कसं, ते मला सांग."

इरावतीला विचार करावा लागला नाही. तिघंही अधीशसारखे गात, एवढंच तिने सांगितलं.

अधीश कोण, हे त्या काळी महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नव्हतं. काही वर्षांपूर्वी हा सडपातळ, फिकट मुलगा लोखंडी स्टुलावर बसून गायला लागला आणि बघता बघता मराठी पॉपचा राजा झाला. आवाज काही फार मोठा नव्हता. पण ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी तो थांबायचा, पापणी लवेल इतकाच. डावा हात छातीवर जायचा, श्वास तुटायचा, आणि मग तो शब्द असा यायचा की ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडावा. चाहत्यांनी त्या थांबण्याला नाव दिलं होतं, उसंत.

हर्षल दिवेकर तेव्हा मुलाखतींतून सांगत असे की याला गाणं म्हणत नाहीत, दमा म्हणतात. पुढच्याच वर्षी त्याच्या नव्या गाण्यात उसंत आली, आणि हातही छातीवर आला. मग रांगच लागली. लावणीला पॉपचा तडका देणाऱ्या मुली उसंत घेऊ लागल्या. ज्यांना श्वास घ्यायलाच फुरसत नसते ते रॅप करणारेसुद्धा घेऊ लागले. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तशी सगळ्या पिढीची गत झाली. गावोगावच्या ऑर्केस्ट्रांत 'ज्युनियर अधीश' उभे राहिले. आपल्याकडची ही जुनी रीत आहे. नावाजलेल्या गायकाची नक्कल करत माणूस आयुष्य काढतो, त्यावर मुलाबाळांची लग्नं करतो, आणि त्याचं स्वतःचं नाव फक्त रेशनकार्डावर उरतं. गुरुजी तानेत खोकले म्हणून शिष्यांनी तो खोकलाही घराण्याची खूण समजून जपला, असले किस्से आपण हसत हसत सांगतो. तेवढ्यावर सोडून द्यावेत असे ते किस्से नव्हते.

सांगली-मिरजेकडचा सगळ्यात नावाजलेला ज्युनियर अधीश म्हणजे तेजपाल मगदूम, इरावतीचा धाकटा भाऊ. आईवडील गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. त्याने अभियांत्रिकी सोडली तेव्हा ती त्याच्याशी महिनाभर बोलली नव्हती, आणि मग त्याच्या पहिल्याच कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसून रडली होती. जमादार हृदयलेख घेऊन आले त्याच संध्याकाळी तिने त्याला प्रयोगशाळेत बोलावलं, छातीपट्टी बांधली आणि गायला लावलं. छातीपट्टी श्वासलेख आणि हृदयलेख एकाच कागदावर काढत असे. तेजपाल छान गायला. खाली कागदावर एक ठोका गळाला, थोड्या वेळाने आणखी एक.

श्वास आत घेताना हृदय जरा घाई करतं, सोडताना जरा रेंगाळतं. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे ठाऊक असतं. समूहगान करणाऱ्यांची हृदयं गाता गाता एका चालीत येतात, हेही जुनंच निरीक्षण. श्वास आणि हृदय यांच्यात एक दोर आहे, असं इरावतीने जमादारांना समजावलं. तिने त्याला श्वासबंध असं नाव दिलं होतं. बोटांना तबला शिकवावा तसा हा दोरही रियाजाने शिकतो. रोज तासन्‌तास एकाच जागी श्वास तोडला, की हृदय तो तोडा पाठ करतं. मग गाणं थांबलं तरी हृदय तो म्हणत राहतं. जेवताना, झोपेत, कधीही.

जमादारांना एकच प्रश्न पडला होता. मग अधीश जिवंत कसा?

इरावतीने निरोप धाडला, आणि त्याचं उत्तर द्यायला अधीश स्वतः मिरजेला आला. टोपी कपाळावर ओढून, कुणालाही सोबत न घेता. जवळून तो दिसायला फारच साधा होता, आणि दोन गायक गेल्याचं कळल्यापासून नीट झोपला नसावा. पट्टी बांधून तो गायला. दोघा डॉक्टरांनी त्याचा कागद तेजपालच्या कागदाशेजारी धरला. नकलाकारांत आधी श्वास तुटत होता आणि मागून ठोका गळत होता. अधीशमध्ये ठोका आधी गळत होता.

"मी थांबत नाही, डॉक्टर," तो म्हणाला. "ते थांबतं. ते पुन्हा चालू होईपर्यंत मी फक्त गप्प राहतो."

लहानपणापासूनच असं होतं, त्याने सांगितलं. छातीत धस्स झालं की हात ठेवून थांबायचं, हे त्याला आईने शिकवलं होतं. गाण्यातही तो तेच करी. लोकांना ते आवडलं, त्याला काय करणार? जमादारांनी मग खुलासा केला की जन्मतःच लंगडा माणूस घाटसुद्धा चढतो, कारण त्याचं सगळं अंग त्या पायाभोवती वाढलेलं असतं. अधीशचं तसं होतं. बाकीच्यांनी मात्र धडधाकट पायाला लंगडायला शिकवलं होतं, आणि तेही कड्याच्या कडेवर.

उपाय अधीशनेच सुचवला. उसंत घेऊ नका असं सांगितलं तर कुणी ऐकणार नाही, उलट चोरून घेतील. पण तो स्वतः सरळ गायला, तर झाडून सगळे सरळ गातील. त्याचं म्हणणं बिनतोड होतं. जमादारांना ते तरीही पटेना. दोर दोन्ही टोकांनी ओढता येतो, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. या मुलाच्या हृदयाला ती उसंत लागते. ती याने श्वासाच्या जोरावर मोडून काढली, तर हृदय ती कधीतरी व्याजासकट वसूल करेल. निदान वर्षभर देखरेखीखाली, हळूहळू करू.

इरावती अधीशच्या बाजूने बोलली. वर्षभरात आणखी किती जण जातील, असं तिने विचारलं. भावाचं नाव तिने काढलं नाही, पण जमादारांना ते ऐकू आलं. त्यांनी हट्ट सोडला.

अधीशची दोन सरळ गाणी आली. ओळी नदीसारख्या सलग, हात मांडीवर. चाहते आधी हिरमुसले, मग त्यांना हेच थोर वाटायला लागलं. नकलाकारांनी तर आठवडाही घालवला नाही. कालपर्यंत छातीवर असलेले हात सगळ्या महाराष्ट्रात एकदम मांडीवर आले. हर्षल दिवेकर बरा होऊन घरी गेला आणि सरळ गाण्याची कल्पना मुळात आपलीच असल्याचं सांगू लागला. तेजपालचा हृदयलेख हळूहळू साफ होत गेला. गळका ठोका दिवसाआड, मग आठवड्यातून, मग नाहीच. इरावतीने तो स्वच्छ कागद घरी नेऊन भावाला दाखवला आणि त्याच्यासाठी पुरणपोळ्या केल्या. तिला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तिसरं गाणं ध्वनिमुद्रित होत असताना अधीश गेला.

गाण्याची शेवटची ओळ होती, 'येतो म्हणालो तर येईनच मी, उशीर होईल थोडा.' तो 'होईल'पर्यंत आला आणि थांबला. पापणी लवेल इतका नव्हे. एखादा संथ श्वास घेऊन, सोडून, पुन्हा घेता येईल, एवढा. काचेपलीकडे सगळ्यांना वाटलं, विसरला. मग त्याने 'थोडा' म्हटलं, अगदी हळू, कानाजवळ सांगावं तसं. हेडफोन काढून नीट खुंटीला अडकवला आणि खाली बसला. डॉक्टर पोचले तेव्हा उशीर झाला होता.

कंपनीने ते गाणं तसंच्या तसं बाहेर काढलं. आतल्या शांततेचा कणही आपण कापला नाही, असं ध्वनिमुद्रकाने सर्वांना शपथेवर सांगितलं. इरावती आणि जमादारांनी पत्रकार परिषद घेऊन श्वासबंध म्हणजे काय, ते कागद दाखवून समजावलं. ती शांतता म्हणजे कला नाही, बंद पडलेलं हृदय आहे, असं इरावतीने स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या दिवशी मथळा आला, 'अखेरची उसंत हृदयातून'. गाणं दुपटीने वाजायला लागलं. रिक्षांत, लग्नांत, दुकानांत ते वाजे आणि त्या जागी आलं की सगळे गप्प होत. बोलणारी माणसंसुद्धा वाक्य अर्धवट सोडत. इरावतीने एकदा भाजी घेताना पाहिलं, भाजीवालीचा तराजूचा हातही हवेत थांबला होता.

तिने तेजपालकडून वचन घेतलं. ते गाणं गायचं नाही, घरीसुद्धा नाही. तो "बरं, अक्का" म्हणाला आणि खोलीत गेला. नंतरचे दिवस ती त्याच्या बंद दाराशी जाता-येता थबकायची. आत गाण्याचा आवाज नसे. एखादा शब्द कधी ऐकू येई, बाकी शांतता. रियाज सुटला, पोरगं दुःखात आहे, पण वाचलं, असं तिला वाटायचं. पट्टीने अंगाला खाज येते म्हणून त्याने ती बांधणं सोडलं, तेव्हा तिने आग्रह धरला नाही. साफ झालेला कागद तिने पाहिलेला होता.

मिरजेच्या मैदानावर श्रद्धांजलीची सभा ठरली. तेजपाल त्या सरळ गाण्यांपैकी एक गाणार होता. इरावतीला यायला उशीर झाला आणि ती मागेच उभी राहिली. पुढे माणसांचा समुद्र, दूरवर उजेडात लोखंडी स्टूल, त्यावर तिचा भाऊ. अधीशच्या जागी आता कोण, याची चर्चा तिच्या आसपास चालूच होती. दोन-तीन जणांनी तेजपालचं नाव घेतलं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

"आज त्यांना त्यांच्याच गाण्यानं निरोप देऊ," तेजपाल माइकवर म्हणाला.

पहिल्या ओळीवरच तिने गाणं ओळखलं. ती पुढे निघाली, पण कुणी वाट देईना. सगळे उभे होते, डावा हात छातीवर, आणि ओठ हलत होते. कोपरांनी माणसं बाजूला सारताना तिला त्या बंद खोलीतली शांतता आठवली. एखादा शब्द, आणि मग शांतता. पुन्हा एखादा शब्द, पुन्हा शांतता. तिचा भाऊ दुःखात नव्हता. तो रियाज करत होता, आणि ती दाराबाहेर उभी राहून देवाचे आभार मानत होती.

"तेजू," ती ओरडली. गाण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

'येतो म्हणालो तर येईनच मी, उशीर होईल', आणि तो थांबला. त्याच्याबरोबर सगळं मैदान थांबलं. हजारो माणसं श्वास रोखून उभी राहिली. कुठे पोरगंही रडलं नाही. इरावतीने आयुष्यभर शांततेचे आलेख काढले होते, पण अशी शांतता तिने ऐकलेली नव्हती.

मग लोकांनी 'थोडा' म्हटलं. कुणी आधी, कुणी मागून, आणि सगळ्यांनी मोठा श्वास घेतला. माइकमधून मात्र शब्द आला नाही. तेजपाल स्टुलावर बसलेला होता, मान किंचित खाली, हात छातीवर. बाजूचा माणूस डोळे पुसत, भारावून म्हणाला, "अधीशच्याही पुढं गेला हो."

मग टाळ्या सुरू झाल्या. इरावतीला पुढे जाता येत नव्हतं, आणि टाळ्या वाढतच होत्या.