चार मात्रांची जागा

“एक, दोन, या!”

तीन कधी नाहीच. सायमन तुस्कानो दोनपर्यंत मोजायचा आणि तिसऱ्या मात्रेवर, दारात आलेल्या पाहुण्याला बोलवावं तसं म्हणायचा, “या!” पंचवीस वर्षांपूर्वी केतकी दाभाडेनं हा आवाज पहिल्यांदा ऐकला. त्या एका शब्दावर तिचे हात कीबोर्डवर उतरले, ते पुढे उतरतच राहिले.

सायमनला जाऊन आता चौदा महिने झाले होते.

रविवारी सकाळी नऊ वाजता ती पुण्यातल्या ‘कोपरा’ क्लबमध्ये शिरली, तेव्हा मंचावर त्याचा ड्रमसेट मांडलेला होता. मागचं स्टूल रिकामं. प्रत्येक ड्रमच्या पडद्याखाली आणि झांजांच्या दांड्यांवर वाद्य हाताशिवाय वाजवणारे बोटभर आकाराचे स्पंदक बसवलेले होते. डॉ. रेहाना मुजावर त्यांच्या तारा तपासत होती. रेहाना मिरजेची. घरात तीन पिढ्या सतारी घडवणाऱ्या. हिनं मात्र वाजवणाऱ्यालाच घडवायला घेतलं होतं. तिच्या यंत्राचं नाव होतं प्रतिसादक.

“म्हणजे जुनं रेकॉर्डिंग लावल्यासारखंच की,” यशोधन कुडाळकर बास गिटारच्या तारा जुळवत म्हणाला. ‘तिठा’ या त्रिकुटातला तो तिसरा.

“नाही सर. रेकॉर्डिंग तुमचं ऐकत नाही. हा ऐकतो. ‘तिठा’चे सहाशे अकरा कार्यक्रम मी याला ऐकवले. प्रत्येक क्षणी तुम्ही दोघांनी काय केलं आणि त्यावर सायमनसरांनी काय केलं, एवढंच हा शिकला. आज तुम्ही कधीच न वाजवलेलं काही वाजवलंत, तरी सरांनी जे केलं असतं ते हा करेल.”

“आणि त्याच्या चुका?” केतकीनं विचारलं. जरा घाईनंच.

“चुका उरत नाहीत, ताई. चूक आज इथे होते, उद्या तिथे. सहाशे कार्यक्रम एकावर एक ठेवले की चुका एकमेकींना पुसून टाकतात. एकाच कारणानं पुन्हा पुन्हा घडलेलं असतं, तेवढंच टिकतं.”

केतकीला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली.

सायमन मध्येच थांबायचा. रंगात आलेल्या वादनात एकदम चार मात्रा ड्रम गप्प, मग जणू काही झालंच नाही असा पुन्हा सुरू. कधी या रचनेत, कधी त्या. वर्षानुवर्षं तिनं ते सांभाळून घेतलं. मग त्याच्या हाताला कंप सुरू झाला, आणि तिनं हिशेब जुळवला: मेंदूही हातामागून चालला. याच क्लबच्या मागच्या खोलीत, दीड वर्षापूर्वी, ती त्याला म्हणाली होती, “तुला आता मोजता येत नाही, सायमन. पुरे झालं.” त्यानं काड्या रुमालानं पुसल्या, पिशवीत घातल्या, “बरं” म्हणाला आणि वसईला निघून गेला. यशोधनला तिनं सांगितलं, “त्याला आपल्याबरोबर वाजवायचं नाही म्हणे.”

“आवाज तपासू या,” रेहाना म्हणाली. यशोधननं सूर धरला. रिकाम्या स्टुलासमोर झांज सळसळली, ड्रम बोलू लागले. केतकीनं ओळखलं. तोच हलका डावा हात.

ती माइकजवळ वाकून म्हणाली, “रेहाना, कीबोर्ड थोडा कमी...”

ड्रम थांबले. तिचं बोलणं संपल्यावर पुन्हा सुरू झाले.

“गंमत बघा,” रेहाना हसली. “ताईंचा आवाज आला की हा थांबतो. ताई गायच्या तेव्हाच्या कार्यक्रमांतून उचललंय. सर, तुम्ही बोला बरं.”

“अरे मेल्या, थांब की!” यशोधन माइकमध्ये ओरडला. ड्रम वाजतच राहिले. “बघ! माझं तर जिवंतपणीही कधी ऐकलं नाही यानं.” तो हसला, मग त्यानं तारेवर बोट ठेवलं. “जाताना एक शब्द बोलला नाही गं मला. मीही मग हट्टानं गेलो नाही वसईला. मातीलासुद्धा नाही.”

केतकी खाली वाकून एक वायर सरळ करत राहिली. ती आधीच सरळ होती.

दहा वाजता क्लब भरला. कॉफीचे कप, काचेतून येणारं ऊन, साठेक माणसं. पहिली रचना लोकांनी रिकाम्या स्टुलाकडे बघत, चाचरत ऐकली. दुसरीला माना डोलू लागल्या. यशोधनचा बास जमिनीखालून आल्यासारखा घुमत होता आणि ड्रम त्याला कोपरखळ्या मारत होते. तिसऱ्या रचनेत केतकीचा उजवा हात मोकळा सुटला, वर चढला, वळला.

आणि ड्रम गप्प झाले.

एक, दोन, तीन, चार. पुन्हा सुरू.

तिची बोटं अडखळली. चौथ्या रचनेत पुन्हा तेच. मध्यंतर होताच ती मागच्या खोलीत गेली. “तू तर म्हणालीस चुका पुसल्या जातात!”

“ताई, मीही तेच बघतेय.” रेहानानं मांडीवर संगणक उघडला होता, यशोधन तिच्या खांद्यावरून डोकावत होता. “आत्ताचं तुमचं वादन मी याला परत ऐकवलं. यशोधनसरांचा बास गाळला, तरी विराम आला. मग तुमचा कीबोर्ड गाळला.”

“मग?”

“विराम नाहीसा झाला. ही चूक नाही. याचं कारण तुमच्या वाजवण्यात आहे. कंप सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून, त्यांची शेवटची अकरा वर्षं, प्रत्येक वेळी. विरामाच्या आधीचे तुमचे सूर वेगळे काढलेत. ऐका.”

तिनं कळ दाबली. वेगवेगळ्या पट्ट्यांतले, वेगवेगळ्या वर्षांतले, नक्षीखाली दडलेले तेच सूर एकामागून एक वाजू लागले. केतकीला ओळखू येईना. यशोधनला आले.

“अगं, ही तर सायमनच्या आईची ओवी. तू गायचीस ती.”

*विहिरीच्या काठी बाई, कुणी घागर ठेवली,*
*भरणारी गेली दूर, पाण्यानं वाट पाहिली.*

बारा-साडेबारा वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज फाटला आणि ती गायची थांबली. गाणं तिनं मनातून काढून टाकलं. हातांना ते कुणी सांगितलं नव्हतं. ते नकळत पहिली ओळ वाजवायचे, आणि सायमन दुसऱ्या ओळीपुरती जागा करून द्यायचा. चार मात्रा. ती येत नाही असं दिसलं की जागा मिटवून पुढे निघायचा.

“काय माणूस!” यशोधन डोळे पुसत म्हणाला. “अकरा वर्षं तुझी वाट बघत बसला. आणि मला साधा निरोप द्यावासा वाटला नाही त्याला.”

केतकी दाराकडे वळली. बाहेर लोक परत येऊन बसले होते.

उत्तरार्धात ती माइक जवळ ओढून बसली. या वेळी नकळत नाही, नीट कळून, एकेक सूर ठेवत तिनं पहिली ओळ वाजवली.

ड्रम थांबले.

एक. यशोधनचा हातही तारांवर स्थिरावला. आता ती गाणार म्हणून तो हसून तिच्याकडे बघत होता. दोन. दुसरी ओळ तिच्या ओठांपर्यंत आली. तीन. पण त्या ओळीच्या पुढ्यात दुसरंच काही दीड वर्ष अडून बसलं होतं. आणखी एक मात्रा गेली, की जागा मिटणार होती.

“यशोधन,” ती म्हणाली.

चौथी मात्रा उलटली. ड्रम वाजले नाहीत. तिचा आवाज चालू होता आणि त्यावर सायमन कधीच वाजवत नसे. तो थांबून राहिला, ती बोलेल तितका वेळ.

“यशोधन, सायमन सोडून गेला नव्हता. मी त्याला काढलं. या मागच्या खोलीत. तुझ्याशी मी खोटं बोलले. त्यानं मला दोनदा फोन करून विचारलं, यशोधन का येत नाही म्हणून. आणि मी त्याला सांगितलं, यशोधनला वेळ नाही.”