विनाकारण थांबलेला माणूस

"या विद्यापीठवाल्यांना दुसरा उद्योग नाही. नुसते बसतात माणसं बघत, आणि निस्तरायचं आम्ही."

ही कुरकुर तिच्या अगदी कानाशी झाली. करणारा फोनवर होता, बाकाच्या पाठीला रेलून. आणि ज्या विद्यापीठवालीच्या नावाने तो खडे फोडत होता, ती त्याच बाकावर बसली होती. तिने मान वर केली. त्याने खाली पाहिलं. तिच्या मांडीवर चौकाचा नकाशा, हातात पेन्सिल... "नंतर करतो," म्हणत त्याने फोन ठेवला.

"पूर्ण करा की," ती म्हणाली. "निस्तरण्यापर्यंत आला होतात."

तो पालिकेच्या रस्ते विभागातला इंजिनिअर. पोस्टासमोरच्या या रुंद कोपऱ्यावर त्याच्या साहेबांना गाड्या लावायला जागा हवी होती. ती नगररचनेवर संशोधन करणारी. तिचं म्हणणं, कोपरा माणसांना राहू द्या, कारण लोक इथून नुसते जात नाहीत, इथे थांबतात. जो थांबेल त्याचा नकाशावर एक ठिपका, शेजारी कारण – सावली, गप्पा, दम खाणं. पालिकेची माणसं मोजणीत धरायची नाहीत असा नियम होता. पण त्याचा ठिपका आधी पडला आणि ओळख नंतर झाली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. म्हणे, गटाराचं झाकण बघायचंय. मग दिव्याचा खांब, मग उखडलेली फरशी... त्या कोपऱ्याची एवढी काळजी जन्मात कुणी घेतली नव्हती. भुरभुर सुरू झाली की तो छत्री नकाशावर धरायचा. कागद महत्त्वाचा, म्हणायचा, आणि स्वतः भिजायचा. ती न बघितल्यासारखं करून त्याच्या ओल्या बाहीकडे बघत राहायची. आणि रोज त्याचा ठिपका द्यायची. कारण – 'विनाकारण'. खोडायचं तर का खोडलं हे बाईंना सांगावं लागलं असतं, आणि ते तिने अजून स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

बाई म्हणजे तिच्या मार्गदर्शक. त्यांना सगळं दिसत होतं. घरी ताईला तर हिच्या आरशासमोरच्या मुक्कामावरूनच कळलं होतं. संशोधन मानवलंय हं तुला, एवढंच ती म्हणायची. त्याचे साहेबही दुधखुळे नव्हते. पण बोलायचं कुणी?

पालिकेच्या बैठकीत तिने नकाशा भिंतीवर लावला. बाकापाशी ठिपक्यांची नुसती दाटी. समितीचे वयस्कर अध्यक्ष खूश झाले. एवढे लोक थांबत असतील, तर कोपरा राहू द्या, म्हणाले. ती गप्प बसली असती तर काम फत्ते होतं. खरं बोलावं तर कोपरा हातचा जाणार, आणि साहेबांसमोर त्याचीही शोभा होणार. खोटं रेटावं, तर पुन्हा कुठल्या तोंडाने नकाशा काढायचा?

तिने नकाशावर बाकापाशी बोट ठेवलं. बाकाजवळचे बरेच ठिपके एकाच माणसाचे आहेत, म्हणाली. तो पालिकेचा आहे. चूक माझी, ते वजा करा.

बाई चष्मा पुसायला लागल्या. साहेब पंख्याकडे बघू लागले. टेबलापलीकडे तो कानापर्यंत लाल झाला होता.

अध्यक्ष उठून नकाशाजवळ गेले. झाडाखालचे, पायऱ्यांवरचे ठिपके त्यांनी सावकाश पाहिले. तो माणूस वगळला तरी कोपरा राहतो, म्हणाले. मग वळून तिच्याकडे बघितलं. "पण आमचा माणूस रोज तिथे थांबायचा कशासाठी?"

"सर, देखभालीच्या..." तो अर्धवट उठला.

"देखभाल नाही," ती म्हणाली. नजर त्याच्यावरच होती. "माझ्यासाठी थांबायचा. शेवटी शेवटी तर नकाशा पुरा झाला होता, तरी मी येऊन बसायचे. मला... मला तो आवडतो."