चेंडू समोरच्यांचा

टेलरबाई मैदानात आल्या त्याच धावत. दुकानाचं शटर ओढून, गळ्यातली टेप काढायला विसरून त्या फाटकातून शिरल्या, समोर घरंगळणारा चेंडू दिसला आणि पाय काही थांबेनात... दुसऱ्या क्षणी त्या एका भल्यामोठ्या, ताज्या पावाचा वास येणाऱ्या माणसावर आदळल्या.

"अहो बाई, इथे धावायला बंदी आहे," तो शांतपणे म्हणाला. त्याच्या कानामागे मैदा लागला होता.

"फुटबॉलमध्ये?"

"चालत खेळायचा फुटबॉल हा. एक पाय कायम जमिनीवर. धावलात की शिट्टी, आणि चेंडू समोरच्यांचा."

"त्यापेक्षा घरी बसून भाजी निवडलेली काय वाईट?"

"भाजी निवडताना गोल होत नाही ना!"

शिट्टी नर्सताईंकडे असायची. खेळणारे सगळे साठीपुढचे. कुणाचा गुडघा नवा, कुणाचं काळीज दुरुस्त केलेलं. पहिल्या दिवशी टेलरबाईंनी शिट्ट्याच शिट्ट्या खाल्ल्या. नवरा लवकर गेला, मग दुकान, लेक, लेकीचं लग्न... त्यांच्या वेळच्या बायका चालायच्या कुठे? धावायच्याच.

बेकरीवाल्यांचं सगळंच उलट. चेंडू पायाशी आला की आधी त्याच्याकडे नीट बघत, मग आभाळाकडे.

"मारा की! मुहूर्त काढताय?" टेलरबाई ओरडत.

"पीठ फुगायला वेळ लागतोच, बाई."

"फार फुगलं की आंबतं, हे ठाऊक आहे ना?"

यावर ते नुसते हसत. आणि त्या हसण्याने टेलरबाईंची चाल चुके ती चुकेच.

मग त्यांनी सगळ्यांसाठी पिवळी जाकिटं शिवायला घेतली. बेकरीवाल्यांच्या छातीभोवती टेप धरली, तर ते श्वास रोखून उभे.

"पोट आत ओढू नका. माप खोटं येतं."

"मग... परत घ्यावं लागेल?"

"घेईन," त्या म्हणाल्या, आणि टेपवरचा आकडा साफ विसरल्या.

पण दोघांचंही बोलणं त्यापुढे काही सरकेना. इकडे लेकीचा रोज फोन, "आई, तुझी खोली तयार आहे. तिथे आता तुझं आहे तरी कोण?" टेलरबाई आज-उद्या करत राहिल्या. शेवटी त्या 'बरं' म्हणाल्या.

त्या आठवड्यात त्यांचा गुडघा लचकला होता, म्हणून नर्सताईंनी शिट्टी त्यांच्या गळ्यात घातली आणि स्वतः खेळायला उतरल्या. खेळ सुरू होण्याआधी टेलरबाईंनी सांगून टाकलं, "रविवारी मी लेकीकडे चालले. कायमची."

सगळे हळहळले. बेकरीवाले मात्र खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिले. बांधलेलीच नाडी!

खेळ रंगला. चेंडू बेकरीवाल्यांच्या पायाशी आला. समोर गोल मोकळा. त्यांनी चेंडूकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं... आणि चेंडू तिथेच सोडून ते धावत सुटले. धप्, धप्, धप् — थेट कडेला उभ्या टेलरबाईंकडे!

नियम म्हणजे नियम. त्यांनी शिट्टी वाजवली. पण ती कशी थरथरतच वाजली.

"धावलात," त्या म्हणाल्या.

"धावलो."

"दोन्ही पाय हवेत होते."

"होते ना..."

"चेंडू समोरच्यांचा."

"देऊन टाका त्यांना. तुम्ही... तुम्ही तेवढ्या थांबा."

टेलरबाईंच्या गालावर ऊन चढलं. "आणि तुमचं पीठ?"

"कधीच फुगलंय हो. भट्टी पेटवायलाच भीत होतो."

"अहो पंच, खेळायचं की नाही?" नर्सताई ओरडल्या, पण डोळे पुसत.

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. "आई, सामान बांधलंस का?"

"नाही गं. तू विचारत होतीस ना, इथे माझं कोण आहे म्हणून?" टेलरबाईंनी शेजारी गुडघ्यांवर हात टेकून उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. "थांब, देते त्यांच्याकडे. जरा धाप लागलीय... दम खाऊ दे, मग बोलतील."